ऊबचोर

३ नोव्हेंबर

हिशेब लागला. मागच्या सबंध हिवाळ्यात कोणी किती रेडिएटर तापवले त्याचा. सोसायटीच्या अध्यक्ष विल्माबाईंनी तो खालच्या दाराला आतून चिकटवलाय, फ्लॅटच्या नंबरांसकट — शाळेत निकाल लावतात तसा. आमच्या जिन्यातल्या पंधरा घरांत सगळ्यात जास्त ऊब कोणी खाल्ली? अकरा नंबरने. म्हणजे मी! येणाऱ्याजाणाऱ्याने वाचावं आणि माझ्याकडे बघून मान हलवावी.

आणि सगळ्यात कमी? चौदा नंबर. गेनोवाइते. बरोबर माझ्या डोक्यावर राहते ती. तिच्या स्वयंपाकघरातल्या रेडिएटरच्या मीटरवर थोडंसं काहीतरी, आणि दोन्ही खोल्यांत शून्य. स्वच्छ लिहिलंय, शून्य आणि शून्य. जानेवारीत बाहेर उणे बावीस होतं. ही बाई गोठली कशी नाही?

मी सांगते कशी. माझं छत म्हणजे तिची जमीन. मी खाली पैसे मोजून भट्टी पेटवायची आणि हिने वर पाय शेकत बसायचं, आपल्या रेडिएटरवरच्या ऊब कमीजास्त करायच्या, एक ते पाच खुणांच्या चकत्या बंद करून. तीस वर्षांपासूनची शेजारीण! उसनी साखर परत करताना दोन चमचे जास्त घालणारी!

काल स्मशानात माझ्या नवऱ्याच्या, स्तेपोनासच्या थडग्यावर मेणबत्ती लावायला गेले होते तेव्हा हीच माझ्याबरोबर होती. माझा हात धरून चालत होती, बर्फ नसतानासुद्धा. मे महिन्यात तो गेला तेव्हाही हीच होती. आणि इकडे हे.

४ नोव्हेंबर

रात्री झोप नाही. हिशेबाचा आकडा डोळ्यांपुढे. माझं दीड महिन्याचं पेन्शन.

खरं म्हणजे यात स्तेपोनासचाही दोष आहे. मागच्या हिवाळ्यात त्याने घराचं वाफेचं न्हाणीघर करून टाकलं होतं. माझं ऑपरेशन झालेलं, मग ती औषधं, उलट्या, केस गेले — मान्य. पण डॉक्टरांनी मला सांगितलं होतं की हळूहळू बरं वाटेल, आणि वाटलंच! आता केसही आलेत, आधीपेक्षा कुरळे. तरी हा माणूस दिवसरात्र चकत्या पाचावर ठेवून बसायचा. मी घामाने निथळायची. म्हणायची, अरे बंद कर, पैसे काय झाडाला लागतात? तर म्हणायचा, राहू दे गं, तुला गार लागतं. आणि मला पांघरूण घालून हृदय बंद पडून स्वतःच निघून गेला. आता हिशेब माझ्या गळ्यात.

७ नोव्हेंबर

डब्लिनहून लेकीचा, यूर्गाचा फोन. पोरीने इंटरनेटवरून ऊब वाचवण्याच्या युक्त्यांची यादीच पाठवली आहे. जाड पडदे. दारांच्या फटीत गुंडाळलेलं फडकं. खिडक्यांना फुगे-फुगेवाला प्लास्टिकचा कागद. जी खोली वापरत नाही तिचं दार बंद. रेडिएटरच्या मागे चंदेरी कागद. आणि मातीच्या कुंडीखाली चार मेणबत्त्या लावल्या की म्हणे खोली तापते!

मी म्हटलं, बाळा, तू आयर्लंडमध्ये बाराही महिने दमट मोजे घालून बसतेस, तू मला शिकवणार?

पण कागद चिकटवला. खिडकीतून आता बाहेरचं काही दिसत नाही, सगळं चिंध्या-चिंध्या झाल्यासारखं. विल्माबाई कोणाशी भांडताहेत हेही कळत नाही. हा तोटा.

१० नोव्हेंबर

कुंडी केली. चार मेणबत्त्या, वर कुंडी. दोन तासांत छतावर ताटाएवढा काळा डाग. खोली होती तेवढीच गार. यूर्गाला फोटो पाठवला. तिने हसणारं तोंड पाठवलं.

१५ नोव्हेंबर

मी आता ठरवलंय. दोन्ही खोल्यांच्या चकत्या एकावर. पुढच्या आठवड्यात त्याहून खाली. स्वयंपाकघरात बसेन, तिथे चूल आहे, सूप शिजतं. बघू वर कोण किती दिवस पाय शेकतं ते!

गंमत म्हणजे माझ्या घरात फार फरक पडला नाही. खालच्या मजल्यावरचा क्यास्टुटिस चांगला सढळ हाताने जाळतो वाटतं.

२१ नोव्हेंबर

जिन्यात गेनोवाइते भेटली. डोक्याला लोकरीचा रुमाल, पायात नमद्याचे बूट — आणि ही नुसती टपालपेटी बघायला निघालेली! बर्फात चालताना घालायचे बूट घरात घालून बसते. मला दाखवायला. मी नमस्कार केला नाही. तिने केला. "चहाला येतेस का?" म्हणाली. मी म्हटलं, माझ्याकडे घरी पुष्कळ कामं आहेत.

काही कामं नव्हती. बसून राहिले.

२८ नोव्हेंबर

सोसायटीची सभा. तळघराच्या खोलीत, सायकलींमध्ये खुर्च्या मांडून. तिथेच जाड नळ्या जातात, म्हणून घाम फुटतो. सगळे कोट काढून बसले आणि ऊब कशी वाचवायची याची चर्चा करू लागले!

विल्माबाईंनी विषय काढला की काही घरं चकत्या बंद ठेवतात आणि शेजाऱ्यांच्या भिंतींवर जगतात. नाव घेतलं नाही. मी घेतलं. उभी राहून घेतलं. म्हटलं, पैसे चोरणाऱ्याला पोलीस नेतात, मग ऊब चोरणाऱ्याला का नाही? ऊबचोर म्हटलं मी तिला. सगळ्यांसमोर. लोक हसले. क्यास्टुटिस सर्वांत मोठ्याने हसला.

गेनोवाइते माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही — मला ती नजर ओळखता आली नाही, आणि त्याचाच जास्त संताप आला. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, दोन शब्द बोलेल की नाही!

मग विल्माबाई तिला म्हणाल्या की तुमच्या खोल्या तापतच नसतील तर आपला प्लंबर रिमास उद्या येऊन बघेल, सोसायटीच्या खर्चाने. चांगलीच गोष्ट आहे ना? तर ही म्हणते, "नको. कोणाला पाठवू नका. माझं ठीक आहे." चोर सापडला की असाच बोलतो. ठराव झाला: ज्याच्या मीटरवर शून्य, त्याने यापुढे सरासरीच्या निम्मे भरायचे. सगळ्यांनी हात वर केले. तिनेसुद्धा! द्यायचे ते देईन, म्हणाली.

घरी येऊन चकत्या शेवटच्या खुणेवर फिरवल्या. बर्फाच्या चांदणीची खूण असते ती. तिच्या खाली काही नाही.

३ डिसेंबर

उणे नऊ. स्वयंपाकघरात झोपते आता. बाकावर. कंबरेचे हाल. पण मीटर हलत नाहीये!

६ डिसेंबर

क्यास्टुटिसने जिन्यात अडवलं. म्हणतो, काकू, आमच्या बेडरूमचं छत हल्ली गार लागतं, तुमच्या वर काही गळतंय का?

मी म्हटलं, नाही रे, काही गळत नाही. आणि भराभर वर आले. आता हा मला बोलणार की काय! मी काही त्याची ऊब चोरत नाही. मी बचत करते. फरक आहे.

११ डिसेंबर

दिवसभर कान वर लागलेले असतात. पावलं फक्त स्वयंपाकघराच्या बाजूने येतात. पलीकडच्या दोन खोल्यांत काही हालचाल नाही, महिनाभर नाही. पूर्वी संध्याकाळी बेडरूममध्ये तिचं शिवणयंत्र चालायचं, मी शिव्या घालायची. आता तेही नाही.

म्हणजे तीही स्वयंपाकघरातच राहते. दोन म्हाताऱ्या, एकीच्या डोक्यावर एक, दोघी बाकावर. हट्टाला पेटली आहे ती. ठीक आहे, मीही काही कमी नाही.

१४ डिसेंबर

वाचनालयात वर्तमानपत्र चाळायला गेले तर ही तिथे! रेडिएटरला पाठ लावून, कोट अंगात, समोर कुठलंतरी बागकामाचं पुस्तक. ग्रंथपालबाई म्हणाल्या की रोज उघडायच्या वेळेला येते आणि बंद होईपर्यंत बसते. मग चर्चमध्ये जाते, तिथेही गरम असतं. फुकटची ऊब कुठे कुठे मिळते याचा नकाशाच तयार केलाय बाईने!

मी वर्तमानपत्र न वाचताच परत आले. तिथली तीच एक खुर्ची रेडिएटरजवळ असते.

२४ डिसेंबर

आज नाताळच्या आदल्या संध्याकाळच्या जेवणाचा दिवस. बारा पदार्थ, मांस नाही. मी बारा कुठून करणार एकटीसाठी? सात केले. हेरिंग मासा गाजरात, हेरिंग बिटात — हे दोन धरले. खसखशीचं दूध आणि त्यात टाकायची ती छोटी बिस्किटं. स्तेपोनासचं ताट मांडलं, वर्षात गेलेल्याचं मांडतात तसं, शेजारी मेणबत्ती.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा गेनोवाइतेला बोलावलं नाही. तिचा मुलगा दारियस नॉर्वेला गेल्यापासून ती आमच्याकडेच जेवायची. या रात्री एकट्या माणसाला घरी बोलवायचं असतं, भांडण असलं तरी. मला माहीत आहे. मला कोणी शिकवायला नको.

सूप वाढत होते तेवढ्यात दार वाजलं. तीच. अंगात कोट, डोक्याला रुमाल, हातात चर्चमधून आणलेली ती पातळ पांढरी पोळी. म्हणाली, मोड. या रात्री पुढे केलेली पोळी मोडायला नाही म्हणता येत नाही, म्हणून मोडली. तिने माझ्यातला तुकडा खाल्ला, मी तिच्यातला. तिचे हात! मासळीबाजारातल्या बर्फासारखे. मग ती तिथेच उंबऱ्यावर उभी राहून म्हणाली,

"दांगुओले, चकत्या जरा उघडशील का? पाचावर नको. नुसत्या दोनावर. निदान बेडरूमची."

मला क्षणभर कळेचना मी काय ऐकलं. तोंडावर! माझ्या दारात, सणाच्या दिवशी, येऊन सांगते की तू पैसे जाळ म्हणजे मी ऊब घेते! इतका निर्लज्जपणा मी जन्मात पाहिला नाही. मी म्हटलं, तुझ्या घरात चकत्या नाहीत का? त्या फिरव. ती काहीतरी बोलणार होती. माझ्या मागे टेबलावर स्तेपोनासच्या ताटाजवळची मेणबत्ती दिसत होती, तिकडे बघितलं, आणि वर गेली.

सूप गार झालं. दोन ताटांपुढे एकटी बसून जेवले. खसखशीचं दूध उरलं, ओतून कशाला द्यायचं, प्यायले.

२५ डिसेंबर

यूर्गाला फोनवर सांगितलं. वाटलं, माझी बाजू घेईल. ती म्हणाली, "आई, तू गेनोवाइतेमावशीला ताट नाही वाढलंस?" बाकीचं काही ऐकूनच घेईना. फोन ठेवला मी.

४ जानेवारी

उणे सतरा. खिडकीच्या प्लास्टिकमागे बर्फ. आतल्या बाजूने!

९ जानेवारी

वरून खोकला. सतत. कोरडा. भिंतींना काही धरबंधच नाही, सगळं ऐकू येतं. खोकतेय तर लाव ना रेडिएटर, कोणी हात धरलाय? माणसाने पैशासाठी किती हाल करून घ्यावेत!

हे लिहिताना माझ्या अंगात दोन स्वेटर, स्तेपोनासचा कोट आणि बोटं कापलेले हातमोजे आहेत. ते वेगळं.

१३ जानेवारी

खोकला वाढलाय. काल अँब्युलन्स आली होती, तिला नेलं नाही, औषध देऊन गेले. विल्माबाईंकडून कळलं. त्या वर जाऊन आल्या. म्हणाल्या की खोल्यांत तोंडातून वाफ निघते आणि बाई स्वयंपाकघरात ओव्हनचं दार उघडं ठेवून बसलेली असते. पुन्हा रिमासला पाठवू का म्हटलं तर पुन्हा नको म्हणाली. विल्माबाई म्हणे वैतागून खाली आल्या. मला म्हणाल्या, दांगुओले, तुम्ही तिच्या जवळच्या, तुम्ही बोला. मी म्हटलं, मी जवळची नाही. सूप केलं होतं जास्तीचं. नेलं नाही.

१९ जानेवारी

गेनोवाइते चालली!

दारियस येतोय तिला घेऊन जायला, येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी. कायमची. फ्लॅट विकायचा. गेली दहा वर्षं तो मागे लागला होता आणि ती म्हणायची, हातपाय चालताहेत तोवर इथून हलणार नाही, माझा नवरा इथे पुरलाय, माझं चेरीचं झाड मागच्या अंगणात आहे, मी तिकडे बर्फात कोणाशी बोलू? आता या वयात परक्या देशात, सुनेच्या हाताखाली, भाषा येत नाही.

चला, बरं झालं. वर कोणी तरुण जोडपं येईल, भरपूर जाळेल, माझं छत तापेल.

असं लिहिलं खरं. दुपारभर चिडचिड होतेय. बटाटे सोलताना बोट कापलं. जायचं होतं तर भांडून तरी जायचं! मी इतकं बोलले, तिने एकदा तरी उलट बोलायला हवं होतं. आता कोणाशी भांडू मी?

२५ जानेवारी

चंदेरी कागद आणला. रेडिएटरच्या मागे लावायचा. यूर्गाच्या यादीतली शेवटची युक्ती. काहीतरी करत राहिलं पाहिजे, नाहीतर वरचं सामान हलवल्याचे आवाज ऐकत बसते. वर आता खोकला आणि खोके ओढल्याचे आवाज, दोन्ही.

बेडरूमच्या रेडिएटरवर स्तेपोनासने लाकडी जाळी बसवली होती, अगदी सुबक, स्वतः रंधून. ती काढली. मागे भिंतीजवळ, उभ्या नळीतून निघून रेडिएटरच्या बगलेने जाणारी एक छोटी नळी आहे. तिच्यावर लाल दांड्याचा कॉक. मला वाटायचं जाळीमागे नुसती धूळ असेल. दांडा आडवा. म्हणजे बंद.

मधल्या खोलीत जाऊन तिथली जाळी काढली. तिथेही तसाच. आडवा.

हे काय आहे? याने कधी काही सांगितलं नाही.

२६ जानेवारी

रिमासला बोलावलं. म्हटलं, चंदेरी कागद लावताना काहीतरी तोडलं नाही ना मी, बघून जा. तो वाकला, दांडे बघितले, मग माझ्या चकत्या बघितल्या — दोन्ही चांदणीवर — आणि तसाच उकिडवा बसून मला समजावू लागला.

मी नीट लिहून ठेवते, कारण डोक्यात अजून बसत नाहीये. पाणी तळघरातून एकाच उभ्या नळीने वर येतं. खालच्यांच्या रेडिएटरमधून माझ्या, माझ्यातून गेनोवाइतेच्या. मी माझी चकती बंद केली तरी तिचं पाणी अडू नये म्हणून ती बगलेची नळी असते. तिच्यातून ते मला वळसा घालून वर जातं. तिच्यावर कॉक बसवायची परवानगी नाही, पण अर्ध्या बिल्डिंगने बसवलेत, रिमास म्हणाला. बगलेची नळी बंद केली की सगळं पाणी आपल्या रेडिएटरमधून जबरदस्तीने जातं. आपल्याला झकास ऊब. वरच्याला उरलंसुरलं कोमट, मीटरसुद्धा हलणार नाही एवढं.

"आणि काकू, हा बंद ठेवून शिवाय चकतीही बंद केलीत," तो म्हणाला, "तर खालच्यांचं पाणी खालूनच परत फिरतं आणि वर काहीच जात नाही. थेंबभरसुद्धा नाही."

म्हणजे नोव्हेंबरपासून. मी. माझ्या हातांनी, एकेक खूण मोजत. मी चकती खाली फिरवायची आणि वर त्या बाईच्या नळ्या गार पडायच्या. म्हणून ती दारात आली होती. नुसत्या दोनावर कर म्हणून. आणि मागच्या हिवाळ्याचे ते शून्य आणि शून्य — तेही आमचेच! आम्ही तिच्या वाट्याचं पाणी आमच्या खोल्यांत फिरवत होतो, आणि मी घामाने निथळत होते.

रिमासने दांडे सरळ केले. नळीत आत कुठेतरी खळखळलं, आणि मग ती आवाज करत वर तापत गेली. मी हात लावून बघितला. पोळला. मी त्याला म्हटलं, कोणाला सांगू नकोस. तो हात पुसत म्हणाला की मी कशाला सांगू, सांगायचं तर तुम्हीच सांगा.

तो गेल्यावर मी स्तेपोनासच्या फोटोपुढे उभी राहून जे काही बोलले ते इथे लिहीत नाही. चाळीस वर्षं मी त्याला साधा माणूस समजत होते. म्हातारीच्या तोंडातली ऊब काढून घेणारा! लपवून, वर सुबक जाळी बसवून! आणि नामानिराळा झाला, मेला, आणि मला सभेत उभं करून ऊबचोर म्हणायला लावलं — आणि चोर तर माझ्याच घरातला.

आणि ती मला एका शब्दाने बोलली नाही. कॉकचं कळलंच नसेल तिला. कळलं असतं तर कोण गप्प बसेल?

२७ जानेवारी

दोनदा जिना चढले. दोनदा अर्ध्यातून परत आले. तिसऱ्यांदा जाताना सूप घेतलं हातात, म्हणजे रिकाम्या हाताने उभं राहायला नको. दाराच्या आत तिच्या नातवाचा नॉर्वेतल्या शाळेतल्या कपड्यांतला फोटोसुद्धा भिंतीवरून उतरवलेला दिसला. गेनोवाइते औषध घेऊन झोपली होती. विल्माबाईंनी दार उघडलं, त्या आवराआवरीला आल्या होत्या. आनंदाने म्हणाल्या की चमत्कार झाला, काल दुपारपासून रेडिएटर तापलेत, आणि नेमके आता, जाताना.

मी सूप ठेवून आले.

२८ जानेवारी

सांगितलं तिला. सगळं, कॉकसकट. स्तेपोनासच्या वतीने माफी मागितली, मग माझ्या वतीने. ती पलंगावर बसून उशांच्या खोळींच्या घड्या करत होती. करतच राहिली.

म्हणाली, स्तेपोनासने चोरून काही केलं नाही. मागच्या हिवाळ्याच्या सुरुवातीला, नोव्हेंबरात वर आला होता, टोपी हातात घेऊन. डॉक्टरांनी त्याला एकट्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं की ही वसंत ऋतू पाहणार नाही. ही म्हणजे मी. तिला सारखं गार लागतं, गेनोवाइते, म्हणाला. हा एकच हिवाळा तुझी ऊब तिला दे. तिला कळू देऊ नकोस. तिने हो म्हटलं आणि शिवणयंत्र स्वयंपाकघरात आणलं.

मी ओरडलेच. मग या हिवाळ्यात का बोलली नाहीस? मी तुला चोर म्हटलं तेव्हा तरी?

"काय बोलणार होते गं? तू मेली नाहीस, तेव्हा आता माझी ऊब परत दे, असं?"